‘नाही’ कुठे जातं?

कॉम्प्युटर क्लासच्या पहिल्याच दिवशी मी स्टॅबिलायझरवर बसलो.

माझी बाजूही ऐकून घ्या. दारावर पाटी होती, ‘पादत्राणे व मोजे बाहेर काढावेत’. चपलांचं समजू शकतो, देवळाची सवय असते. पण मोजे उभ्याउभ्या काढायचे म्हणजे एका पायावर तोल सांभाळणं आलं, आणि माझा तोल दोन पायांवरही बेताचाच. दाराच्या आत राखाडी रंगाचं, गुडघ्याएवढं एक लोखंडी खोकं होतं. मला वाटलं, क्लासवाल्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांची सोय केलीय. मी टेकलो. खोकं गुरगुरलं. दचकून मी हात मागे नेला, तो नेमका त्याच्या खटक्यावर पडला आणि आतलं जे काही चालू होतं ते सगळं एकदम गप्प झालं.

सर बाहेर आले. उंच, किडकिडीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर लाल-निळी पेन्सिल. मी ओरडा खायची तयारी ठेवली होती. ते ओरडले नाहीत.

“बसण्याआधी काय तपासलंत?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“म्हणजे तुमच्या बसण्यात हिरा नव्हता,” ते म्हणाले. “उद्या या.”

एका हातात मोजे घेऊन मी जिना उतरलो. हा काय हिरेबाजाराचा क्लास आहे की काय, अशी शंका मला घरी पोचेपर्यंत होती.

हिरा म्हणजे काय ते पुढच्या आठवड्यात कळलं. कॉम्प्युटरला काम सांगायचं तर आधी कागदावर त्याचा नकाशा काढायचा, त्याला फ्लोचार्ट म्हणतात. त्यात जे करायचं ते चौकटीत लिहायचं, आणि जिथे प्रश्न पडतो तिथे पतंगासारखा चौकोन काढायचा. पुस्तकात त्याला डायमंड म्हणतात. सर हिरा म्हणत. हिऱ्यातून दोन रेघा निघतात, एक ‘हो’ची आणि एक ‘नाही’ची. ‘हो’ची निळ्या पेन्सिलीने काढायची, ‘नाही’ची लाल. आम्ही सगळे निळी रेघ ऐटीत काढायचो आणि लाल विसरायचो. मग सर मागे येऊन उभे राहत आणि खालच्या आवाजात विचारत, “‘नाही’ कुठे जातं?”

आमच्या पेन्सिली निळ्या टोकाकडून झिजलेल्या असत. सरांची लाल टोकाकडून झिजलेली होती.

ही ऐंशीच्या दशकातल्या वाशीची गोष्ट. सेक्टर वसले होते, पण सेक्टरांत माणसं अजून पुरती वसली नव्हती. क्लास होता पिठाच्या गिरणीच्या वर. खाली ज्वारी दळली जायची आणि वर आम्ही. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची आणि फटींतून पीठ वर यायचं. पीठ हा यंत्राचा शत्रू, म्हणून गिरणी चालू असताना यंत्र बंद. आणि गिरणी दिवसभर चालू. त्यामुळे जुन्या सोफ्याच्या कापडाचा झगा घातलेला तो एकुलता एक कॉम्प्युटर आम्ही पहिले तीन महिने लांबूनच पाहिला. खोलीत एसी होता, पण त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे. एकदा एका बाईंनी धीर करून म्हटलं, “सर, थोडा आमच्याकडे वळवता येईल?”

“तुम्हाला घाम येतो ना?”

“फार येतो.”

“ती सोय तुम्हाला दिलेली आहे. त्याला नाही.”

सर आधी मुंबईत एका मोठ्या कंपनीत होते, भोकं पाडलेल्या कार्डांच्या जमान्यात. तिथून का निघाले याबद्दल क्लासमध्ये अनेक कथा होत्या. मला पटलेली कथा अशी की, त्यांनी चेअरमनच्या भाषणाचा फ्लोचार्ट काढून नोटीसबोर्डावर लावला होता आणि तो एकाच चौकटीचा झाला होता.

शिकवत ते सगळंच; म्हणजे आज ज्याची तीन वर्षांची पदवी मिळते ते सगळं. फाइल म्हणजे काय, मेमरी म्हणजे काय, प्रोग्राम कसा लिहायचा, धंद्याची सिस्टिम कशी अभ्यासायची. पण शिकवण्याची तऱ्हा त्यांची. कोबोल नावाची भाषा होती, तिच्या प्रोग्रामचे चार भाग असतात. सर म्हणायचे, “पहिला भाग, मी कोण. दुसरा, मी कुठे आहे. तिसरा, माझ्याजवळ काय आहे. चौथा, मी करणार काय. माणसं थेट चौथ्यापासून सुरुवात करतात.” असं म्हणताना ते माझ्याकडे का पाहत, ते मी विचारलं नाही.

‘वगैरे’, ‘साधारण’ आणि ‘जमलं तर’ हे शब्द वर्गात बंद होते. यंत्राला ते कळत नाहीत म्हणून. या तीन शब्दांवाचून मराठी माणसाला किती वेळ बोलता येतं ते पाहायचं असेल तर स्वतः करून बघा. पहिला आठवडाभर वर्गात विलक्षण शांतता होती.

माझ्या शेजारी खाडीकाठच्या करावे नावाच्या गावचा एक बी.कॉम. झालेला तरुण बसायचा. वडिलांची खाडीत होडी होती. सरांनी एकदा त्याला घरच्या धंद्याचा फ्लोचार्ट फळ्यावर काढायला सांगितला. त्याने एकच हिरा काढला, ‘भरती हाय का?’

“‘नाही’ कुठे जातं?” सरांनी विचारलं.

“घरी. झोपाला.”

“आणि उठल्यावर?”

“उठल्याव परत बगाचा, भरती हाय का.” त्याने लाल रेघ फिरवून पुन्हा हिऱ्याला आणून जोडली.

सरांनी त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं. “याला लूप म्हणतात,” ते आम्हाला म्हणाले. “आपल्यात फक्त यांचा बरोबर आला.”

“सर, आमचा बापूस ह्याला आलस म्हनतो,” तो म्हणाला आणि जागेवर येऊन बसला.

आता मी, तिशी उलटलेला, एका पोरीचा बाप, तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यात स्टोअर्सचा क्लार्क, या सगळ्यात काय करत होतो? तर आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर येणार होता. तो आला की स्टोअर्समधली काही माणसं जास्त होणार, आणि जास्त झालेली माणसं कंपनीच्या जालन्याच्या नव्या कारखान्यात जाणार, असं ठरलं होतं. आमची ही वाशीच्या शाळेत नुकतीच कायम झालेली शिक्षिका. मुलगी शिशुवर्गात. मी जालन्याला गेलो असतो तर एकटाच, आणि बाप म्हणजे दिवाळी-मे महिन्यात बॅग घेऊन येणारा एक गृहस्थ, अशी मुलीची समजूत झाली असती. बदलीची कुणकुण लागली त्या रात्री ही जेवताना एवढंच म्हणाली होती, “मग तुम्ही ते कॉम्प्युटरचं शिकून घ्या ना.” जणू काही लोणच्याची बरणी वरून काढून द्या ना.

सर एकदा घरी आले होते. हिने चहा दिला. सरांनी घोट घेतला आणि म्हणाले, “वहिनी, चहा कसा करता?”

“का? बिघडलाय?”

“नाही. पायऱ्या सांगा.”

“पाणी, साखर, पावडर. उकळी आली की दूध.”

“दूध नासलं तर?”

“लिंबू पिळून कोरा देते.”

“लिंबू नसेल तर?”

“शेजारून आणते.”

“शेजारी घरी नसतील तर?”

“तर म्हणते, एवढ्या उन्हात चहा कसला घेता, कोकम सरबत घ्या.”

सरांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले. “यांना का नाही आणलंत क्लासला? तुम्ही गेल्या महिन्यात चहाचा फ्लोचार्ट काढलात, त्यात गॅस पेटवायचा राहिला होता.”

“घरीही राहतो,” ही म्हणाली.

तर असे सर मी स्वतःच्या पायाने ऑफिसात नेले. झालं असं की, कॉम्प्युटर घेण्याआधी कामाची सिस्टिम अभ्यासून तिचा नकाशा तयार करा, असं हेड ऑफिसने कळवलं. आमचे ऑफिस मॅनेजर गोंधळले. सफारी घालणारे, गोरे, अत्तर लावणारे सज्जन गृहस्थ. जालन्याला कोण जाणार हे हेड ऑफिस ठरवणार होतं, पण कॉम्प्युटरवर कोण बसणार याची शिफारस त्यांच्या हातात होती. म्हणून मी पुढे सरसावलो. “साहेब, आमचे सर करून देतील.” साहेब खूश झाले. मीही झालो. सरांनी हा नकाशा माझा क्लासचा प्रोजेक्ट म्हणून धरला. सुखाचे ते तीन-चार दिवस मला अजून आठवतात.

सर आले, मोजे काढून. कारखान्यात तशी गरज नव्हती, पण त्यांना सांगणार कोण. एका ब्रशच्या मागणीच्या कागदामागे ते टेबलाटेबलावरून अनवाणी हिंडले. रंगखात्याला ब्रश हवा, तो कागद स्टोअर्सला यायचा, तिथून मॅनेजरसाहेबांकडे. साहेब त्यावर हिरव्या शाईने ‘पाहिले’ लिहून सही करत. मग तो परत स्टोअर्सला, आणि मग ब्रश. आमच्याकडे ‘पाहिले’वाचून पान हलत नसे. ब्रशला पाहिले, रजेला पाहिले, बदलीला पाहिले, पावसाळ्यात गच्ची गळते या तक्रारीलाही पाहिले. गच्ची गळायची ती गळायचीच, पण पाहिलेली गळायची.

सर साहेबांच्या समोर बसले. मी उभा.

“कागद तुमच्याकडे येतो. तुम्ही ठरवता, हो की नाही. बरोबर?”

“अर्थात,” साहेब म्हणाले. “अहो, शेवटी जबाबदारी आपली.”

“म्हणजे इथे हिरा.” सरांनी सुंदर हिरा काढला. निळी रेघ स्टोअर्सकडे नेली. लाल टोक कागदावर टेकवलं. “‘नाही’ कुठे जातं?”

“कसलं नाही?”

“तुम्ही नाही म्हणता तेव्हा कागद कुठे जातो?”

साहेबांनी विचार केला. बराच केला. “तसा प्रसंग आला नाही.”

“किती वर्षांत?”

“अहो, मी कशाला कुणाला नाही म्हणू? उगाच वाईटपणा.”

सरांनी खोडरबर घेतला, हिरा शांतपणे खोडला आणि त्याच्या जागी वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढली. “मग हा हिरा नाही. ही रेघ आहे,” ते म्हणाले. “रेघ काढून टाकली तरी चालतं. कागद तसाही पोचतो.”

साहेबांच्या कपाळावरचा घाम मला दिसला. खोलीत एसी होता आणि त्याचं तोंड साहेबांकडेच होतं.

सर गेल्यावर साहेबांनी मला थांबवलं. आवाज मऊ होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. “पुढच्या आठवड्यात डायरेक्टर येणार आहेत नकाशा बघायला. त्यात मी रेघ आहे?”

“साहेब, मी सरांशी बोलतो.”

“बोला. तुमच्या शिफारशीचंही मला बघायचंय.”

मी धावत क्लासवर गेलो. सरांना म्हटलं, एक छोटासा हिरा, कोपऱ्यात, कुणाला दिसणारसुद्धा नाही. माझी पोर शिशुवर्गात आहे. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

“मी हिरा काढतो,” ते म्हणाले. “त्यांना एकदा नाही म्हणू दे. खरं. एकदाच.”

हा निरोप साहेबांना कसा सांगितला ते मी इथे लिहीत नाही. त्यात ‘वगैरे’ फार होते. पण साहेबांनी तो मनावर घेतला. माणूस हिरा व्हायला काय काय करतो ते मी त्या आठवड्यात पाहिलं. सोमवारी कँटीनच्या साबणाला नाही म्हणायचं त्यांनी ठरवलं, पण कागद घेऊन युनियनचा सेक्रेटरी स्वतः आला, आणि तो समोर उभा असताना साहेबांची सही कशी झाली ते त्यांनाच कळलं नाही. मंगळवारी वॉचमनची रजा आली, पण त्याची आई आजारी होती. बुधवारी त्यांनी टेबलाचं तोंड भिंतीकडे फिरवून घेतलं, माणसं दिसायला नकोत म्हणून. तरी ‘पाहिले’च उमटलं. हाताला वळण पडलं होतं.

गुरुवारी त्यांनी मला बोलावलं. चेहऱ्यावर तेज होतं, पोराने पहिल्यांदा सायकल मारली की असतं तसं.

“म्हटलं,” ते म्हणाले.

“काय, साहेब?”

“नाही म्हटलं. स्वच्छ लिहिलं. कागद पुढे गेलासुद्धा. सांगा तुमच्या सरांना.”

“कशाला नाही म्हटलंत?”

“अहो, ते कोण लक्षात ठेवतो? हेड ऑफिसचं काहीतरी होतं. कुणी घेऊन आलं नव्हतं ना, टपालातून आलं. बरं पडलं.”

शुक्रवारी सर आले. साहेबांनी नाही म्हटलंय हे ऐकून त्यांनी मान डोलावली, नकाशात हिरा पुन्हा काढला, निळी रेघ ओढली. साहेब खुर्चीतून अर्धे उठून बघत होते. मग सर उठले आणि लाल पेन्सिल हातात घेऊन ते ‘नाही’ शोधायला निघाले. मी त्यांच्या मागे.

टपालाच्या टेबलावरून माग लागला तो नेमणुका-बदल्या बघणाऱ्या क्लार्ककडे. हा आमचा जुना माणूस, टाइपरायटरवर दोन बोटांनी टाइप करणारा.

“साहेबांनी काल एका कागदावर नाही लिहिलं. तो तुमच्याकडे आला?” सरांनी विचारलं.

“आला की. काय ताप झाला राव डोक्याला,” तो म्हणाला. “पाहिले असतं तर मी ऑर्डर टाइप करून देतो, विषय संपला. आता नाही म्हटल्यावर करू काय? हेड ऑफिसला परत पाठवू तर ते विचारणार, तुमच्या मॅनेजरला नाही म्हणायचा अधिकार कुणी दिला. साहेबांना विचारू तर ते म्हणणार, लिहिलेलं दिसत नाही का. एवढ्या वर्षांत नाहीची फाइलच उघडलेली नाय आपण.”

“मग ठेवलात कुठे?”

त्याने हनुवटीने दाखवलं. टाइपरायटरच्या डाव्या पायाखाली एक घडी केलेला कागद होता. “हे डुगडुगायचं ना.”

सर वाकले. घडीतून जेवढं दिसत होतं तेवढं त्यांनी वाचलं. मीही त्यांच्या खांद्यावरून वाचलं. वर ‘जालना’ होतं, त्याच्या खाली माझं नाव होतं, आणि माझ्या नावावर आडवं, हिरव्या शाईत, थोडं थरथरलेलं ‘नाही’ होतं.

सर सरळ उभे राहिले. ते माझ्याकडे बघत होते. मी टाइपरायटरकडे. त्यांच्या हातात लाल पेन्सिल होती आणि नकाशावर हिऱ्याची लाल बाजू मोकळी होती. एक रेघ ओढायची आणि तिच्या टोकाला लिहायचं, बस. आणि मग डायरेक्टरांनी ते वाचायचं, आणि घडी उघडायची, आणि मी बॅग भरायची. उभ्या आयुष्यात या माणसाने अर्धा फ्लोचार्ट सोडला नव्हता. मुलांनी सोडला तर तो रात्री झोपत नसे.

“आता डुगडुगतं का?” सरांनी क्लार्कला विचारलं.

“एकदम बंद.”

“मग राहू दे,” म्हणून सरांनी पेन्सिल कानावर ठेवली.

डायरेक्टर आले, नकाशा पाहिला. सूट घातलेले, घाईतले. त्यांचं बोट बरोबर साहेबांच्या हिऱ्यावर थांबलं.

“ही रेड लाइन पुढे गेलेली दिसत नाही,” ते म्हणाले. “ही जाते कुठे?”

“ते अजून कळलेलं नाही,” सर म्हणाले.

डायरेक्टरांनी घड्याळ पाहिलं. “ठीक आहे. नंतर बघू,” म्हणाले, आणि चहाला गेले. साहेबांनी तो नकाशा पुढे फ्रेम करून केबिनमध्ये लावला, पाहुण्याला आपला हिरा बोट ठेवून दाखवत. कॉम्प्युटर आला, त्यावर डायरेक्टरांचा भाचा बसला. शिफारस त्याच्या नावाची वरूनच लिहून आली होती. साहेबांनी तिच्यावर ‘पाहिले’ लिहिलं होतं. माझ्या बदलीचं काय झालं हे मात्र हेड ऑफिसने कधी विचारलं नाही. त्यांच्या लेखी मी जालन्याला होतो. जालन्याच्या लेखी मी अजून यायचा होतो.

डायरेक्टर आले त्या दिवशी फाटकाशी सर मोजे चढवत होते, एका पायावर उभे राहून, अजिबात न डोलता. आभार मानायला मी त्यांच्या मागोमाग आलो होतो. मी नुसताच “सर” म्हटलं.

“तुम्हाला सर्टिफिकेट देता येणार नाही,” ते म्हणाले.

“का?”

“तुमचा प्रोजेक्ट अपुरा राहिला.” आणि दुसरा मोजा चढवून ते ट्रकांच्या धुळीतून चालायला लागले.

संध्याकाळी घरी येऊन मी हे सगळं हिला सांगितलं. ही वह्या तपासत होती. मधे एकदाही तिने थांबवलं नाही. शेवटी मी म्हटलं, तर अशी गंमत आहे, मी कुठे आहे हे आता कंपनीला माहीतच नाही.

हिने पुढची वही ओढली. “मग आता ऑफिसात फार चमकू नका,” ती म्हणाली. “कुणाच्या डोळ्यावर आलात तर जावं लागेल.” पान उलटून एक बरोबरची खूण केली आणि मग म्हणाली, “तसं न चमकणं तुम्हाला जड जाणार नाही म्हणा.”